आधी किंगपिन, मग लाइटबार

गेल्या वीकांताला एका मित्राची नवी जीप बघायला गेलो होतो. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी. बाकी जीप नव्वदीतली, महिंद्राची एमएम ५४०. पार्किंगमध्ये उभी होती आणि सोसायटीतली चार पोरं भोवती गोळा झाली होती. दिसत होतीच तशी. मॅट हिरवा रंग, हातभर रुंद टायर, बॉनेटच्या बाजूने वर गेलेला स्नॉर्केल, पुढे विंच, मागे दोन जेरीकॅन, आणि काचेच्या फ्रेमवर एक एलईडी लाइटबार, ज्याच्या उजेडात गल्ली क्रिकेटचा डे-नाइट सामना आरामात होईल.

सवयीप्रमाणे मी पुठ्ठा अंथरला आणि खाली शिरलो. दोन मिनिटांनी बाहेर आलो.

"पुढचा प्रोपेलर शाफ्ट कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा दांडा. तो नाहीये."

"असं कसं? फोर बाय फोरचा लिव्हर आहे ना आत!"

लिव्हर होता. त्यावर छान क्रोमचा गोळाही होता. इंटरफेस आहे, इम्प्लिमेंटेशन नाही. :)

आधीच्या कुठल्यातरी मालकाने डिझेल वाचावं किंवा आवाज कमी व्हावा म्हणून तो शाफ्ट काढून ठेवला असणार. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये हे नेहमीचंच. पण त्या जीपवर दीड-दोन लाख रुपये 'ऑफरोडिंगसाठी' खर्च झाले होते आणि एवढ्या खटाटोपात एकाही माणसाने खाली वाकून बघितलं नव्हतं. चिखलात उतरली असती तर ती रिक्षाइतकीच हतबल झाली असती. फरक इतकाच की रिक्षा चार जणांना ढकलता येते.

तर मंडळी, आजचा लेख या विषयावर. थोडा तिरकस होणार आहे. ज्यांना लागेल त्यांनी लावून घ्यावा, कारण या गाढवपणाचा पहिला मानकरी मीच आहे.

माझी कथा

माझी जीप १९९१ सालची, तीच एमएम ५४०. प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन, २११२ सीसी, चार गिअर, पाट्यांची स्प्रिंग, चारी चाकांना ड्रम ब्रेक. आजच्या कुठल्याही हॅचबॅकला हसू येईल इतपत ताकद: बासष्ट हॉर्सपॉवर. २०१६ मध्ये घेतली. हातात पहिल्यांदा बरा बोनस आला होता आणि हापिसातल्या खुर्चीत बसून बसून कंटाळाही आला होता.

घेतल्यावर पहिलं काय केलं असेल? ब्रेक उघडून बघितले? छे. टायर बदलले. मूळचे सहा-सोळाचे टायर म्हणजे अगदीच सायकलसारखे वाटायचे. एका नावाजलेल्या दुकानात गेलो, एकतीस इंची रुंद टायर आणि नवे रिम घेतले. ते मडगार्डला घासायला लागले म्हणून दुकानाने लांब शॅकल लावून जीप वर उचलून दिली. फोटो फारच भारी आले.

महिन्याभरात स्टिअरिंग थरथरायला लागलं. साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे पिसाटल्यासारखी हलायची आणि स्टिअरिंग हातातून हिसकलं जायचं. जीपवाले याला 'डेथ वॉबल' म्हणतात. नाव अजिबात अतिशयोक्त नाही. दुकानात परत गेलो. त्यांनी स्टिअरिंग डँपर बसवला, नऊ हजार रुपये घेतले, आणि थरथर गायब. मी खूश.

आता तुमच्यातल्या प्रोग्रामरांनी इथे जरा थांबा. एक्सेप्शन येतंय, कुठून येतंय ते माहीत नाही, म्हणून सगळ्या कोडभोवती ट्राय-कॅच गुंडाळलं आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवला. लॉगमध्ये काही दिसत नाही. टेस्टर खूश, मॅनेजर खूश. आपल्या टीममध्ये ज्युनिअरने हे केलं असतं तर रिव्ह्यूमध्ये त्याची काय हजामत केली असती? आणि मी मात्र नऊ हजार रुपये मोजून रिकामा कॅच ब्लॉक विकत घेतला होता.

२०१८ च्या पावसाळ्यात ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. बायको शेजारी, मुलगी मागच्या सीटवर, साडेचार वर्षांची. तीन-चार अवघड वळणं झाली आणि पुढच्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल सरळ तळाला. पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. समोरून एसटी वर येत होती. गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात कोंबला, हँडब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. थांबली. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मुलीला वाटलं बाबाने गंमत केली. बायको पुण्यात पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

मिस्त्रींनी काय दाखवलं

टो करून आणलेली जीप या वेळी दुकानात नेली नाही. एका मित्राने एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. पत्र्याची शेड, दोन जॅक, पाने लावलेला फळा, बस्स. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त बघितलं. मी सारखा विचारत होतो, "काय झालंय?" ते म्हणाले, "साहेब, बघू तर द्या."

संध्याकाळी त्यांनी मला खाली झोपवलं आणि एकेक दाखवलं.

एक. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा रबरी पाइप. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की माझा तो रुबाबदार रुंद टायर या पाइपला घासत होता. घाटातल्या प्रत्येक वळणावर थोडा थोडा. घासून आतले धागे दिसायला लागले होते आणि शेवटी जोरात ब्रेक दाबल्यावर तो फुटला.

दोन. ब्रेकचा मास्टर सिलेंडर. आधीच्या मालकाने कुठल्यातरी आणखी जुन्या जीपचा, एकाच सर्किटचा सिलेंडर बसवला होता. दोन सर्किट असती तर एक पाइप फुटूनही दोन चाकांना ब्रेक उरले असते. एकाच सर्किटमध्ये एक पाइप गेला की चारी चाकं गेली. (सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. हा शब्द मी दर आठवड्याला मीटिंगमध्ये वापरायचो.)

तीन. किंगपिन. पुढचं चाक डावी-उजवीकडे ज्या दोन खुंट्यांवर वळतं, त्या. त्यांच्या बेअरिंगमध्ये प्ले होता. मिस्त्रींनी जॅकवर चाक उचललं, टायर वरून आणि खालून धरून हलवला. खडखड. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं (तोवर पाइप बदलला होता) आणि परत हलवला. तरीही खडखड. ब्रेक दाबला की चाकाच्या बेअरिंगचा प्ले धरला जातो, उरतो तो किंगपिनचा. दोन मिनिटांची परीक्षा, खर्च शून्य. वॉबलचं मूळ इथे होतं. शिवाय लांब शॅकलमुळे ॲक्सल थोडा फिरून कॅस्टरचा कोन बिघडला होता, म्हणजे चाकांची आपोआप सरळ राहण्याची ओढ कमी झाली होती. आणि हे सगळं तो नऊ हजारांचा डँपर इमानेइतबारे लपवून ठेवत होता.

किंगपिनचा उपाय काय? टोपीखालचे पातळ शिम कमी-जास्त करून बेअरिंगला योग्य ताण द्यायचा. ताण किती, ते मिस्त्रींनी स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजलं. आपण धान्याची पिशवी तोलतो तसला काटा, चाक वळवणाऱ्या हाताला अडकवून ओढायचा. बेअरिंग नवे, शिम नवे, टायरॉडची टोकं नवी. मूळ शॅकल परत लावली. डँपर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता चालवून बघा. नंतर वाटलं तर लावा." आजतागायत वाटलं नाही.

मुद्दा काय

मुद्दा असा की आपण ज्याला 'मॉडिफिकेशन' म्हणतो त्यातलं बरंचसं म्हणजे दुरुस्ती टाळण्याचा महागडा मार्ग आहे. दुरुस्ती दिसत नाही. तिचा फोटो येत नाही. किंगपिनच्या शिमला कोण लाइक देणार? त्यामुळे आपण तीस वर्षं झिजलेल्या गाडीवर नवीन फीचर चढवत राहतो. आणि हे करणारे कोण, तर आपण. जे सोमवार ते शुक्रवार लेगसी सिस्टिमच्या नावाने बोटं मोडतात, 'आधी टेक्निकल डेट फेडा' म्हणून मॅनेजरशी भांडतात, ते! शनिवारी सकाळी मात्र आपणच तो मॅनेजर होतो.

मोठ्या टायरचंच घ्या. सहा-सोळाच्या टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस ते एकोणतीस इंच. त्या जागी एकतीस इंची आला की व्यास वाढला आठेक टक्के. म्हणजे स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा तुम्ही पासष्टने चाललेले असता. प्रत्येक गिअर तेवढाच 'उंच' झाला, म्हणजे आधीच बासष्ट हॉर्सपॉवरवर कण्हणारं इंजिन चढावर आणखी कण्हणार. आणि तेवढ्याच जोराने थांबायचं तर ब्रेकला आठ टक्के जास्त जोर लावावा लागणार, शिवाय ते जड रिम-टायर फिरायचे थांबवायचे ते वेगळंच. आता हे गणित कुठल्या ब्रेकवर चाललंय? तापले की ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जातं, अशा ड्रम ब्रेकवर. त्यात ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं न बदललेलं. ते हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात, नेमकं नको तेव्हा, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. दहावीच्या विज्ञानापलीकडचं यात काहीही नाही.

इंजिनाचंही तेच. माझी जीप काळा धूर सोडायची. तीन जणांनी सांगितलं, "इंजिन संपलंय, दुसरं टाका." एकाने तर दुसऱ्या गाडीचं इंजिन तयारच ठेवलं होतं. मिस्त्रींनी मला आधी पंप-नोझलवाल्याकडे पाठवलं. पंप कॅलिब्रेट झाला, नोझल बदलले, एअर फिल्टर साफ झाला. धूर गेला. तेच इंजिन आजही चालू आहे. लेगसी कोड दिसला की 'रीराइट करू' म्हणणारे आणि धूर दिसला की 'इंजिन टाकू' म्हणणारे, दोघं एकाच शाळेचे विद्यार्थी.

"आमची हौस, आमचे पैसे"

हा आक्षेप येणारच. मला तो पटला असता, जर जीप घरातल्या शोकेसमध्ये ठेवायची असती. ताम्हिणीत समोरून एसटी येत असते. त्या एसटीत तुमच्या हौसेला वर्गणी न दिलेली पन्नास माणसं असतात.

दुसऱ्या टोकाला 'फॅक्टरीतून आली तश्शीच हवी' म्हणणारे आहेत. त्यांच्याशीही माझं जमत नाही. जुन्या जीपला दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर, नीट बसवलेले डिस्क ब्रेक, तीन टोकांचे सीट बेल्ट, चांगली सीट मिळाली तर त्यात वाईट काय? मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या घराण्यातला. तो देवाने दिलेला नाही. माझा बदलाला विरोध नाही. विरोध आहे तो दोष न मोजता केलेल्या बदलाला. 'हा बदल नेमकी कोणती अडचण सोडवतो?' याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर तो बदल नाही, सजावट आहे. सजावट करा की, पण तिला ऑफरोडिंग म्हणू नका.

कायद्याचं काय

गंमत अशी की कायदाही आपल्यासारखाच आहे. बाहेरून बघतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बुलबारविरुद्ध कारवाई करायला राज्यांना सांगितलं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा हा अर्थ कडकपणे लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. लाइटबारवाल्या मित्रांनो, तुमच्या जीपवरचे बदल मोजा आणि पाचने गुणा.

यात चीड येण्यासारखं काय आहे? अक्षरशः वाचलं तर या कायद्याला जीवघेणा लिफ्ट आणि जीव वाचवणारा डिस्क ब्रेक यात फारसा फरक दिसत नाही. दोन्ही 'मूळ तपशिलापेक्षा वेगळे'. उलट तीस वर्षं न उघडलेला किंगपिन मात्र संपूर्णपणे 'मूळ तपशिलाप्रमाणे'! माझ्या जीपचं नूतनीकरण झालं तेव्हा हॉर्न वाजवून बघितला, दिवे लावून बघितले, चॅसिस नंबर ताडून बघितला. चाक उचलून कोणी हलवलं नाही. फी मात्र वाढतेय. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीला पाच हजार झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार. माझी ना नाही. दहा हजार घ्या, पण त्यात दहा मिनिटं गाडीखाली वाका. जर्मनीत केलेला बदल तज्ज्ञाकडून तपासून घेता येतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. बदल चांगला की वाईट, हे तिथे बघितलं जातं. तसं काही इथे मागायचं असेल तर आधी आपण जबाबदार दिसायला हवं. झगमगत्या लाइटबारने समोरच्या ट्रकवाल्याला आंधळं करून ते होणार नाही.

निदानाचे पैसे

शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारा. मिस्त्रींनी दोन दिवस शोधण्यात घालवले, तीन दिवस कामात. स्प्रिंगचे बुश बाजारात धड मिळेनात तेव्हा ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, ओळखीच्या लेथवाल्याकडून बनवून आणले. सामान सोडून मजुरी सांगितली अठ्ठावीसशे. आणि मी, ज्याने डँपरला नऊ हजार देताना डोळ्याची पापणी हलवली नव्हती, तो मी तोंडातून बोलून गेलो, "काका, जरा जास्त होतायत." आजही आठवलं की लाज वाटते.

बग शोधायला तीन दिवस लागतात आणि फिक्स एका ओळीचा असतो, हे आपल्याला कळतं. ती एक ओळ कुठे लिहायची हे कळण्याचाच आपल्याला पगार मिळतो. मग मिस्त्रींच्या बाबतीत ते का कळत नाही? या जीपला स्कॅनर जोडायला सॉकेट नाही. निदान होतं ते कानाने, हाताने आणि तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवाने. मिस्त्रींचा मुलगा आता ॲक्सेसरीजच्या दुकानात लाइटबार बसवतो. त्यात पैसे जास्त आणि कपडे स्वच्छ. त्याचं काय चुकलं? गिऱ्हाईक ज्याला पैसे देतं तेच तो शिकणार. दहा वर्षांनी आपल्या जीपखाली शिरून 'बघू तर द्या' म्हणणारं कोणी उरलं नाही तर दोष त्या मुलाला देऊ नका.

तर जुनी फोर बाय फोर घेतलीच असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर पहिला एक पगार न दिसणाऱ्या गोष्टींवर घालवा. चारी ड्रम उघडा, व्हील सिलेंडर आणि सगळे रबरी पाइप बघा, ब्रेक ऑइल बदला. पुढची चाकं उचलून किंगपिन हलवून बघा. पुढचा शाफ्ट आहे का ते बघा, आणि फोर बाय फोर लावून मातीत किंवा चिखलात चालवा. कोरड्या डांबरावर नको. या जीपला मधला डिफरन्शियल नसतो, पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ गिअर-शाफ्टवर येतो. चॅसिस नंबर कागदांशी ताडा, कारण दोन-तीन जीपची मिळून एक जीप आणि कागद चौथीचे, असेही नमुने बाजारात आहेत. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर टायर घ्या. आणि मिस्त्रींशी घासाघीस करू नका.

असो. मित्राच्या जीपचं पुढे काय झालं? येत्या शनिवारी मिस्त्रींकडे नेतोय. त्यांनी फोनवरच एक जुना प्रोपेलर शाफ्ट हुडकून ठेवलाय, क्रॉस नवे टाकावे लागतील म्हणाले. खर्च भागवायला मित्राने लाइटबार विकायला काढलाय. तुमच्या गल्लीत रात्रीचं क्रिकेट चालत असेल तर कळवा, स्वस्तात मिळेल.